माचीवरच्या बुधाला भांडवल कोण देणार?

कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलेल्या प्रवाशाचे लक्ष प्रथम त्या भव्य कमानीकडे आणि खांबांवरील हत्तींकडे जाते. त्याच खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले छोटे छोटे लेख मात्र बहुधा नजरेतून सुटतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेख म्हणजे एका मोठ्या कामाची जमेची बाजूच आहे. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले, असे एक लेख सांगतो. खांबांवर धेनुकाकट येथील अनेक दात्यांची नावे आहेत. त्यांत यवनही आहेत. एका द्वारासाठी सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दान दिले. द्वार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नावही तेथे कोरलेले आहे. याच मावळात कामशेतजवळ पाले येथील लेण्यात अर्हंतांना नमन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे, आणि लेणे व पाण्याची पोढी कोणी करविली हे त्यातही नोंदलेले आहे.

कलेला भांडवल लागते आणि ते पुष्कळदा व्यापारी वर्गाकडून येते, हे आपल्याकडे इतके जुने आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र पैसा कोण देतो, कधी देतो आणि त्याच्या बदल्यात काय मागतो, यावर कलाकृतीचा आकार ठरतो, हेही तितकेच जुने सत्य आहे. आज आपल्या घरातील मुले-नातवंडे मोबाइलवर आणि दिवाणखान्यातील पडद्यावर ज्या मालिका व चित्रपट पाहतात, त्यांचा मोठा आश्रयदाता म्हणजे ओटीटी मंच. त्याच्या अटी कोणत्या, त्या अटींमुळे कथा कशी लिहिली जाते आणि भूमिका कोणाला मिळतात, याचा विचार व्यापारी कुटुंबांनी अवश्य करावा. कारण हा प्रश्न मुळात खरेदी-विक्रीचा आहे.

तिकिटाचा पैसा

तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेले गो. नी. दांडेकर यांनी मावळचा डोंगर आणि मावळचा माणूस मराठी कादंबरीत आणला. त्यांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’वर १९६६ साली चित्रपट निघाला. सह्याद्रीतील ठाकरांच्या जीवनावरील ‘जैत रे जैत’ १९७७ साली पडद्यावर आला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, निर्मिती उषा मंगेशकर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आणि मुख्य भूमिकांत मोहन आगाशे व स्मिता पाटील. डोंगरावरील मधाची पोळी आणि एका ठाकराचा हट्ट एवढ्या ऐवजावर उभा राहिलेला हा चित्रपट आजही पाहिला जातो.

त्या काळचे अर्थकारण साधे होते. निर्माता स्वतःचे भांडवल घाली, वितरकाकडून उचल घेई, आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यावर तिकिटाच्या खिडकीवर हिशेब होई. गिऱ्हाईक हजारो असत आणि प्रत्येक जण आपल्या खिशातील थोडे पैसे देई. पुढे राज्य सरकारने मराठी चित्रपटांना प्रथम करपरताव्याच्या आणि नंतर अनुदानाच्या रूपाने आधार दिला. अनेक वर्षे ‘अ’ दर्जाच्या चित्रपटास ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटास ३० लाख रुपये असे त्या अनुदानाचे स्वरूप राहिले.

या व्यवस्थेतही धनकोच्या अटी होत्याच. १९९८ साली केंद्र सरकारने चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला आणि त्यानंतर बँका व वित्तसंस्थांची दारे त्याला किलकिली झाली. कर्जाचा प्रस्ताव तपासण्यात ज्याची उमेद गेली, त्याला यातील अडचण चटकन कळते. अर्धवट राहिलेल्या इमारतीला निदान जमिनीची किंमत असते. अर्धवट राहिलेल्या चित्रपटाला काहीच किंमत नसते. कथा हे तारण होऊ शकत नाही. मग धनको विचारतो, नायक कोण? नावाजलेला नट हेच तारण ठरते. नट निवडताना भूमिकेची गरज मागे पडते आणि त्याची पत पुढे येते. म्हणजे भांडवलाने भूमिकांचे वाटप करणे ही ओटीटीने आणलेली नवी गोष्ट नाही. नवे आहे ते मोजमाप.

वर्गणीचा पैसा

आपल्या देशात हॉटस्टार २०१५ साली आले. नेटफ्लिक्स २०१६च्या जानेवारीत आणि प्राइम व्हिडिओ त्याच वर्षाच्या डिसेंबरात दाखल झाले. तिकीट काढणारा प्रेक्षक एका चित्रपटाचे पैसे देतो. वर्गणीदार मात्र संपूर्ण दुकानाचे मासिक किंवा वार्षिक पैसे देतो. त्यातील अमुक एका चित्रपटाने किती रुपये मिळवून दिले, हे सरळ सांगता येत नाही. म्हणून मंचाचा अधिकारी कथा वाचताना तीन प्रश्न विचारतो. ही कथा नवा वर्गणीदार आणील काय? असलेल्या वर्गणीदाराला पुढच्या महिन्यापर्यंत धरून ठेवील काय? आणि एका भाषेत तयार झालेला माल आणखी चार भाषांत खपेल काय? जेथे वर्गणी नसून जाहिराती आहेत, तेथे चौथा प्रश्न येतो : प्रेक्षक जाहिरात येईपर्यंत थांबेल काय?

उत्तरे आकड्यांत हवी असतात. नेटफ्लिक्सचेच उदाहरण पाहावे. पूर्वी एखादा चित्रपट किंवा भाग सुमारे सत्तर टक्के पाहिला गेला तर तो ‘पाहिला’ असे ही कंपनी मानीत असे. २०२०च्या आरंभी तिने ही अट दोन मिनिटांवर आणली. २०२१ साली एकूण किती तास पाहिले गेले हे मोजण्यास प्रारंभ झाला. आणि २०२३पासून त्या तासांना कलाकृतीच्या लांबीने भागून ‘व्ह्यूज’ काढण्यात येऊ लागले. मोजपट्टी बदलली की माल बदलतो, हे बँकेत काम केलेल्याला नव्याने सांगावे लागत नाही. ३१ मार्चची ठेव मोजायची असे ठरले की ३० मार्चला ठेवी येतात आणि २ एप्रिलला परत जातात. दोन मिनिटे मोजायची ठरली की लेखकाची सारी बुद्धी पहिल्या दोन मिनिटांत खर्च होणार. तास मोजायचे ठरले की अडीच तासांची कथा आठ भागांपर्यंत ताणण्याचा मोह होणार.

लेखनावरील परिणाम असे उघड दिसतात. पहिल्याच प्रसंगात मृतदेह, पाठलाग किंवा भांडण येते. माणसांची ओळख नंतर होते. प्रत्येक भागाचा शेवट अडवून ठेवणारा असतो. अखेरच्या भागातही एखादा धागा मोकळा सोडला जातो, कारण दुसऱ्या पर्वाची सोय ठेवायची असते. प्रादेशिक म्हणी, शिव्या, नात्यांचे बारकावे भाषांतरात हरवतात, म्हणून ते लेखनातच कमी होतात. शिवाय प्रेक्षकाचे लक्ष अर्धेच आहे हे गृहीत धरले जाते. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये कामशेत, वडगाव, तळेगाव येथे चढणारी तरुण मंडळी तळहाताएवढ्या पडद्यावर मालिका पाहत असतात. मध्येच फोन येतो, मध्येच निरोप येतो. अशा प्रेक्षकासाठी पात्राने काय करावे याबरोबर आपण काय करीत आहोत हे बोलूनही दाखवावे, अशा सूचना पटकथालेखकांना मिळतात, असे २०२४च्या अखेरीस अमेरिकेतील ‘एन प्लस वन’ या नियतकालिकाने नेटफ्लिक्सविषयीच्या दीर्घ लेखात मांडले होते.

सेन्सॉरचा प्रश्नही येथेच येतो. चित्रपटगृहातील चित्रपटाला प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागते. ओटीटीला तसे बंधन नाही. फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी वयानुसार वर्गवारी करण्याची जबाबदारी मंचांवर टाकली : सर्वांसाठी, सातपुढील, तेरापुढील, सोळापुढील आणि केवळ प्रौढांसाठी. दूरचित्रवाणी जे दाखवू शकत नाही ते आपल्या दुकानात मिळते, हीच आरंभी अनेक मंचांची जाहिरात होती. कथेला गरज नसतानाही शिवीगाळ व रक्तपात वाढण्यामागे लेखकाच्या रुचीइतकाच हा व्यापारी हिशेब आहे. पालकांनी ती वयाची खूण रोज पाहावी.

मावळातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावण्यास फार वेळ लागणार नाही. येथील पॉलिहाऊसमधील गुलाब १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी परदेशी जातात. दांड्याची लांबी, कळीचा आकार, रंग, तोडणीची तारीख हे सारे दूरचा खरेदीदार ठरवितो, आणि शेतकरी छाटणीचा दिवस त्यावरून मागे मोजून काढतो. त्यातून उत्तम पैसे मिळतात आणि गुलाबही सुंदर असतो. पण त्या शेडमध्ये इंद्रायणी भात पिकत नाही. दूरच्या मोठ्या खरेदीदाराने गुलाब घ्यावा यात गैर काही नाही. सर्वांनीच गुलाब लावला तर घरी शिजवायचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

भूमिका कोणाला?

नटांच्या निवडीबाबत ओटीटीने काही चांगलेही केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९९२च्या रोखे घोटाळ्याचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. सुचेता दलाल व देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली ‘स्कॅम १९९२’ ही दहा भागांची मालिका ऑक्टोबर २०२०मध्ये सोनी लिव्हवर आली. हर्षद मेहतांच्या भूमिकेसाठी दिग्दर्शक हंसल मेहता यांनी गुजराती रंगभूमीवरील प्रतीक गांधी यांना घेतले. हिंदी प्रेक्षकांना हे नाव फारसे परिचित नव्हते. त्याच घटनांवरून सुचलेला, अभिषेक बच्चन यांची प्रमुख भूमिका असलेला ‘द बिग बुल’ एप्रिल २०२१मध्ये हॉटस्टारवर प्रदर्शित झाला. विषय तोच, प्रदर्शनाचे माध्यम तेच. पण गाजली ती नामवंत नायक नसलेली मालिका. याचे श्रेय अभिनयाइतकेच विस्ताराला आहे. ‘रेडी फॉरवर्ड’ व्यवहार म्हणजे काय, बँक रिसीट कशी फिरते, दोन बँकांच्या मध्ये दलालाच्या खात्यात पैसा कसा थांबतो, हे सांगण्यास सवड मिळाली. ज्या विषयावर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात माणसे पेंगत, तो विषय घराघरांत चवीने चर्चिला गेला. मोठ्या नायकाच्या चित्रपटात ही सवड त्या नायकालाच द्यावी लागते.

मराठी नटांनाही नवे दालन मिळाले. २०१८च्या ‘सेक्रेड गेम्स’मधील हवालदार काटेकरच्या भूमिकेमुळे जितेंद्र जोशी देशभर पोहोचले, गिरीश कुलकर्णी आणि पुढच्या पर्वात अमृता सुभाष यांनीही त्यात लक्षवेधी कामे केली. ‘कोर्ट’मधील सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी ‘गुल्लक’मधील आई म्हणून हिंदी घरांत परिचित झाल्या. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठी नटाला काम मिळाले ते हिंदी कथेत. ‘सैराट’ने २०१६ साली रिंकू राजगुरू व आकाश ठोसर हे दोन संपूर्ण नवे चेहरे दिले. त्यांना शोधण्याची जोखीम नागराज मंजुळे यांनी चित्रपटगृहाच्या भरवशावर घेतली होती. रिंकू पुढे हॉटस्टारच्या ‘हंड्रेड’मध्ये आणि आकाश नेटफ्लिक्सच्या चित्रपटात दिसले. ओळख निर्माण करण्याचा खर्च एकाने केला आणि तयार ओळख दुसऱ्याने वापरली. व्यापारात यात वावगे काही नाही; पण ओळख निर्माण करणारी पेढीच बंद पडली तर उद्या वापरायला चेहरे कोठून येणार?

या प्रवाहाचे दुसरे टोक लोणावळ्याने पाहिले आहे. ‘बिग बॉस’चे घर अनेक वर्षे लोणावळ्यात उभे राहिले, २०१८ साली मराठी ‘बिग बॉस’चे पहिले पर्वही तेथेच चित्रित झाले. मूळ कल्पना १९९९ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या ‘बिग ब्रदर’ची. येथे नेहमीच्या अर्थाने कथालेखन नाही. आहे ती निवड. कोणाचे कोणाशी पटणार नाही याचा अंदाज घेऊन माणसे एकत्र आणली की भांडवलाचे काम झाले. हा कार्यक्रम मुळात वाहिनीचा. परंतु दिवसरात्र पाहता येईल अशा रूपात तो मंचांना फार मानवला. पात्रनिवड हीच जेव्हा पटकथा होते, तेव्हा काय होते याचा तो नमुना आहे.

मराठी कथा आणि एकुलते गिऱ्हाईक

मराठीत मंचांनी काय मागितले? एमएक्स प्लेअरने २०२० साली सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून ‘समांतर’ आणली. स्वप्नील जोशी यांच्यासारखा लोकप्रिय नट, भविष्य जाणण्याचे रहस्य आणि इतर भाषांत ध्वनिमुद्रण : तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात होती. २०२४ साली सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ आली; परभणी जिल्ह्यातील १९७०च्या दशकातील हत्याकांड, आणि तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. दोन्हींत परिश्रम दिसतात. पण रहस्य आणि गुन्हा यांना मंचावर सहज प्रवेश मिळतो, हेही त्यांतून दिसते. ‘आणि काय हवं’सारखी नवविवाहितांच्या घरातील साध्या क्षणांवरची मालिका अपवादाने होते, तेथेही प्रिया बापट व उमेश कामत हे खऱ्या जीवनातील परिचित दांपत्य हाच मोठा आधार होता.

याउलट चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ पाहावा. शास्त्रीय संगीताच्या साधनेत आयुष्य घालवूनही शिखर न गाठणाऱ्या गायकाची ही कथा. मुख्य भूमिकेत आदित्य मोडक आणि गुरूंच्या भूमिकेत डॉ. अरुण द्रविड, दोघेही प्रत्यक्षात गायक. २०२०च्या व्हेनिस महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०२१मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. अशी कथा कागदावर असताना तिला कोणत्या तक्त्यात बसविले असते? ती आधी स्वतंत्रपणे पूर्ण झाली, सन्मान पावली आणि मग तिला खरेदीदार मिळाला. तयार माल घेणारा आणि मागणी नोंदवून माल घडवून घेणारा, यांत हा फरक आहे.

आता खरेदीदारही कमी होत आहेत. वूट जिओसिनेमात मिसळले. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार फेब्रुवारी २०२५मध्ये एक झाले. एमएक्स प्लेअर २०२४ साली ॲमेझॉनकडे गेले. मराठीसाठी स्वतंत्र मंच म्हणून २०२१ साली ‘प्लॅनेट मराठी’ सुरू झाले, परंतु बड्या मंचांच्या भांडवलापुढे प्रादेशिक मंचाची वाट सोपी नाही. महामारीच्या काळात चित्रपट थेट विकत घेणारे मंच आता आधी चित्रपटगृहात काय झाले ते पाहतात. ज्या पेढीचे निम्म्याहून अधिक येणे एकाच गिऱ्हाइकाकडे आहे, तिच्याबद्दल कोणताही जाणता बँकर धोक्याची नोंद करील. मराठी निर्मात्यांची स्थिती त्या पेढीसारखी होऊ नये.

लेखकाच्या हक्काचीही हीच गोष्ट. उक्ती रक्कम देऊन सर्व हक्क कायमचे घेणे, ही मंचांची आवडती पद्धत. आपल्या २०१२च्या सुधारित कॉपीराइट कायद्याने मात्र लेखक व गीतकारांना एक संरक्षण दिले आहे : चित्रपटगृहाबाहेरील वापरावरील मानधनाच्या वाट्याचा हक्क त्यांना करारानेही सोडून देता येत नाही. कायदा आहे, तो मागणारा हवा. अमेरिकेत २०२३ साली पटकथालेखक १४८ दिवस संपावर गेले. तेथील नव्या करारानुसार, जी मालिका पहिल्या ९० दिवसांत देशातील किमान वीस टक्के वर्गणीदार पाहतील, तिच्या लेखकांना अधिक रक्कम देणे ठरले. कार्ल्याच्या सामी सुताराचे नाव दात्यांच्या नावांबरोबर टिकले, कारण कोणीतरी ते कोरण्याइतके महत्त्वाचे मानले होते.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, तिकीट काढावे. जून २०२३च्या अखेरीस आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’मध्ये रूढ अर्थाचा नायक नव्हता, सहा बहिणी होत्या, आणि त्यांपैकी काही ज्येष्ठ अभिनेत्री. गावोगावच्या महिला मंडळांनी गटागटाने जाऊन चित्रपटगृहे भरली. साठीतील स्त्रियांवरच्या कथेला बाजार नाही, हा समज त्या तिकिटांनी खोटा ठरविला. आपल्या समाजातील महिला मंडळे असा उपक्रम सहज करू शकतात, आणि तोही पहिल्या आठवड्यात. कारण मराठी चित्रपटाचे खेळ दुसऱ्या आठवड्यात टिकतील की नाही हे तेव्हाच ठरते.

दुसरी गोष्ट, मंचावर मराठी कलाकृती मूळ मराठीत पाहावी आणि आवडल्यास शेवटपर्यंत पाहावी. आपण अर्ध्यावर सोडले की पूर्ण पाहिले, याची नोंद होत असते. जेथे मोजणी आहे तेथे आपला आकडा योग्य रकान्यात पडावा.

तिसरी गोष्ट भांडवलदारांसाठी. आपल्यापैकी काही कुटुंबे हौसेने किंवा स्नेहापोटी चित्रपटात पैसा घालतात. त्यांनी ओटीटीची विक्री गृहीत धरून अंदाजपत्रक आखू नये. ती झाली तर वरकड समजावी. करारात हक्क किती वर्षांसाठी, कोणत्या भाषांसाठी, कोणत्या देशांसाठी दिले हे स्वच्छ लिहावे. मुदत संपल्यावर ते परत येतील असे पाहावे. लेखकाचा वाटा वेगळा दाखवावा. चार-पाच कुटुंबांनी मिळून लहान रकमा घातल्या तर कोणा एकाचे भांडवल बुडत नाही आणि लेखकावर एकट्या धनकोचा दाबही येत नाही. कार्ल्याचे खांब अशाच वाटणीतून उभे राहिले.

दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मध्ये मुंबईचे जीवन सोडून राजमाचीला परतलेला एक म्हातारा आहे. झाडे, पशुपक्षी, पाऊस आणि एकांत ही त्याची संगत. पहिल्या दोन मिनिटांत तेथे काही घडत नाही. दहाव्या मिनिटालाही कोणी कोणाचा पाठलाग करीत नाही. दुसऱ्या पर्वाची तर शक्यताच नाही. तरीही या कादंबरीवर काही वर्षांपूर्वी चित्रपट निघाला, कारण ती करावीशी वाटणारी माणसे कोठेतरी होती. ‘बिग बॉस’चे लोणावळ्यातील घर आणि राजमाचीची माची यांत काही कोसांचेच अंतर होते. पहिल्याला भांडवलाची ददात कधी पडणार नाही. दुसऱ्यासाठी मंचाच्या अधिकाऱ्याकडे रकाना नाही, आणि बँकेकडेही त्याचे तारण स्वीकारण्याची सोय नाही. ते काम तिकीट काढणाऱ्याचे आणि समजून-उमजून थोडा पैसा घालणाऱ्याचे आहे. आणि अशी माणसे आपल्या समाजात आजही कमी नाहीत.